खाण्याचे गंभीर विकार आणि मुलांच्या मनाविरुद्ध उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आईबाप विचारतात, कधी आजी किंवा मामा विचारतो, आणि क्वचित ती मुलं स्वतःही विचारतात. मनात येतात त्याच क्रमाने ते इथे ठेवले आहेत, म्हणजे क्रम असा काही नाहीच. उत्तरांत बहुतेक ठिकाणी ‘ती’ आहे, कारण निदान झालेल्यांत मुली जास्त असतात. मुलग्यांनाही हे आजार होतात आणि त्यांच्या बाबतीत ते उशिरा लक्षात येतात, हे ध्यानात ठेवून वाचा. सक्तीच्या उपचारांचा प्रश्न मुख्यतः ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजारात, येतो. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटून टाकण्याच्या आजारात, तशी वेळ कमी येते. वारंवार उलट्या करून रक्तातलं पोटॅशियम घसरलं की मात्र तिथेही येते.

‘मनाविरुद्ध उपचार’ म्हणजे नेमकं काय काय?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: चार जणांनी धरलेलं पोर आणि नाकातून घातलेली नळी. ती या जिन्याची सगळ्यात वरची पायरी झाली. खालच्या पायऱ्या रोजच्या असतात. समजूत घालणं. ‘जेवली नाहीस तर सहलीला जाता येणार नाही’ अशी अट घालणं. तिला न विचारता डॉक्टरांची वेळ घेणं. ती नाही म्हणत असताना पालकांच्या सहीवर दाखल करणं. कायद्याच्या कलमाखाली दाखल करणं. मग नळी, आणि अगदी शेवटी हात धरून नळी.

कागदावर ‘स्वेच्छेने दाखल’ असलेल्या काही जणी ‘तयार झाली नाहीस तर कलम लावावं लागेल’ हे वाक्य ऐकल्यावरच तयार झालेल्या असतात. उलट कलमाखाली आलेली एखादी पुढे सांगते की कुणीतरी निर्णय घेतला म्हणून मला बरंच वाटलं, कारण ‘हो’ म्हणण्याचा अपराध माझ्या माथी आला नाही. कागदावरची सक्ती आणि मुलीला जाणवलेली सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचं बरंचसं या दुसरीवर ठरतं.

तिला भूकच लागत नाही म्हणते. मग बळेच का खायला लावायचं?

आजाराचं नावच फसवं आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली ॲनोरेक्सिया हा शब्द या आजारासाठी वापरला आणि तो चिकटला. त्याचा अर्थ ‘भूक नसणे’. प्रत्यक्षात सुरुवातीला तरी भूक असते, भयंकर असते, आणि तिच्यावर मात केल्याचा आनंद हाच आजाराचा भाग असतो. घरातल्या सगळ्यांसाठी हौसेने स्वयंपाक करणारी आणि स्वतः एक घास न खाणारी मुलगी तुम्ही पाहिली असेल. भूक नसलेलं माणूस दिवसभर अन्नाचा विचार करत बसत नाही.

पण तिने हे स्वतः निवडलंय ना? तिचं शरीर, तिचा निर्णय.

या प्रश्नाला झटकून टाकणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. प्रश्न खरा आहे.

आधी उपासमारीबद्दल. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला तत्त्वतः नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून पुढे आले. त्यांचं शरीर आणि मन दोन्ही धडधाकट असल्याची आधी खात्री करून घेतली होती. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं गेलं आणि त्यांचं वजन साधारण चौथाईने उतरलं. हे तरुण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक घास चिवडत तासन्‌तास ताटावर बसू लागले, मित्रांपासून तुटले, चिडचिडे आणि उदास झाले, थट्टामस्करी संपली. यातल्या कुणालाही खाण्याचा विकार नव्हता. आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर हे सगळं लगेच गेलं नाही, महिने लागले.

म्हणजे तुमच्या मुलीचा आज जो स्वभाव दिसतो, तो हट्ट, तो एककल्लीपणा, त्यातला मोठा वाटा निव्वळ उपाशी मेंदूचा आहे. ॲनोरेक्सियात त्यावर आणखी एक थर असतो: वजन वाढण्याची जिवापेक्षा मोठी झालेली भीती. निवड म्हणायला समोर दोन रस्ते तरी दिसावे लागतात. तिला एकच दिसतो. तिचं शरीर तिचं आहे हे मान्यच. निर्णय कोण घेतंय, ती की आजार, एवढंच विचारायचं आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी सोपं नसतं.

ती वर्गात पहिली येते. आजाराची सगळी माहिती तोंडपाठ आहे. तिला निर्णयक्षमता नाही असं कसं म्हणता येईल?

निर्णयक्षमता तपासण्याची रूढ पद्धत अशी असते: माहिती समजते का, लक्षात राहते का, तिचा तोल करून निर्णय घेता येतो का, आणि तो सांगता येतो का. यातल्या पहिल्या दोन परीक्षांत या मुली बहुतेक वेळा उत्तम गुणांनी पास होतात. ‘हृदय बंद पडू शकतं’ हे वाक्य त्या बिनचूक म्हणून दाखवतात. अडतं ते तिसरीवर.

मानसोपचारतज्ज्ञ जसिंटा टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये अशा तरुण मुलींशी दीर्घ मुलाखती केल्या. त्यांतून जे पुढे आलं त्याने या विषयाची चर्चाच बदलली. समज शाबूत होती, तर्क शाबूत होता. बदललं होतं ते मोल. बारीक असणं हे नात्यांपेक्षा, शिक्षणापेक्षा, काहींच्या बाबतीत जिवंत राहण्यापेक्षाही वरचं झालं होतं. तराजू ठीक होता, त्याच्या एका पारड्याखाली कुणीतरी बोट लावून ठेवलं होतं. शिवाय अनेक जणी आजाराला स्वतःपासून वेगळा काढू शकत नव्हत्या. तो गेला तर मी कोण उरेन, ही भीती खरी होती.

माझं मत विचाराल तर, ‘क्षमता आहे की नाही’ असा एकच शिक्का मारणं चूक आहे. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा, कुणाशी बोलायचं, वॉर्डात कोणी भेटायला यावं, हे सगळं ठरवण्याची क्षमता तिच्यात पूर्ण असते. अन्न आणि वजन या एका गल्लीत ती हरवते. म्हणून सक्तीही त्या गल्लीपुरतीच असावी.

उपोषणाला बसलेल्या माणसाला बळेच खायला घालणं चूक मानतात. मग इथे का चालतं?

हा प्रश्न बहुधा ती मुलगीच विचारते, आणि छान विचारते. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९७५च्या टोकियो जाहीरनाम्याने आणि १९९१च्या माल्टा जाहीरनाम्याने असं सांगितलं आहे की विचारपूर्वक, स्वतःच्या मर्जीने अन्न नाकारणाऱ्या माणसाला डॉक्टरने जबरदस्तीने भरवू नये. उपोषणकर्त्याला अन्नाशी वैर नसतं. त्याची एक मागणी असते, ती मान्य झाली की तो जेवतो. ॲनोरेक्सियात मान्य करण्याजोगी मागणी नसते. वजनाचा जो आकडा गाठायचा असतो तो गाठल्यावर आणखी खाली सरकतो. तिलाच विचारून पाहा: कोणत्या आकड्याला थांबशील? प्रामाणिक मुलगी गप्प होते.

किती वाट पाहायची? सक्तीची वेळ आली हे कसं ओळखायचं?

वजनाच्या काट्यावर एकट्यावर विसंबू नका. किशोरवयीन मुलांसाठीच्या वैद्यकीय सूचनांमध्ये रुग्णालयात दाखल करण्याची जी कारणं येतात, त्यांतली मुख्य अशी: दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली, उठून उभं राहिल्यावर रक्तदाब झपकन उतरणं किंवा नाडी एकदम धावणं, चक्कर येऊन पडणं, अंग गार पडणं, ईसीजीत बिघाड, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट किंवा सोडियम घसरणं, वय आणि लिंगाला धरून जो मध्यम बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असतो त्याच्या ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येणं, वजन फार झपाट्याने उतरणं, अन्न किंवा पाणी पूर्ण बंद करणं, आणि आत्महत्येचे विचार.

यातलं शेवटचं यादीत शेवटी असलं तरी कमी महत्त्वाचं मुळीच नाही. २०११ साली अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात ॲनोरेक्सियात त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाण पाचपटीहून जास्त निघालं, आणि त्या मृत्यूंपैकी साधारण पाचांतला एक आत्महत्येचा होता.

एक फसवी गोष्ट: रक्ताचे अहवाल अगदी शेवटपर्यंत ‘नॉर्मल’ येऊ शकतात. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ म्हणून सुस्कारा सोडलेले पालक पुष्कळ असतात. बसून, मग उभं करून नाडी आणि रक्तदाब मोजला का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

तिचं वजन तर काही कमी नाही. मग एवढी घाई कशाला?

वजन कुठून कुठे आलं ते पाहायचं. मुळात जाड असलेली मुलगी काही महिन्यांत खूप उतरली, तर आजचा आकडा चारचौघींसारखा असूनही तिची नाडी चाळिशीत असू शकते. अशा मुलींचं आधी कौतुक होतं आणि उपचार उशिरा सुरू होतात.

घरी समोर बसून जेवायला लावणं ही सक्तीच नाही का?

आहे. आणि आज किशोरवयीन मुलांसाठी सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपचार तिच्यावरच उभा आहे.

१९८०च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात कुटुंबासह उपचारांची एक पद्धत तपासली गेली. जेरल्ड रसेल आणि सहकाऱ्यांचा पहिला महत्त्वाचा अभ्यास १९८७ सालचा. तोवर आईवडिलांना या आजाराचं कारण मानून मुलांपासून दूर ठेवायची रीत होती. या पद्धतीने ते उलटं केलं. पहिल्या टप्प्यात काय खायचं, किती खायचं, कधी खायचं हे पालक ठरवतात. मुलीशी वाद घालायचा नाही, कॅलरींचा हिशेब तिच्यासमोर मांडायचा नाही, ताट समोर ठेवून शेजारी बसायचं आणि ते संपेपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्या टप्प्यात खाण्याची सूत्रं हळूहळू तिच्या हाती जातात. तिसऱ्यात खाण्याखेरीज जे आयुष्य थांबून राहिलं होतं ते.

ऐकायला साधं आहे. करताना आईबाप मोडून पडतात. ताटं भिरकावली जातात, एक जेवण दोन तास चालतं, ज्या मुलीने कधी वर तोंड करून उत्तर दिलं नाही ती शिव्या घालते. दोघांपैकी एक जण पाघळला की आजार त्या फटीतून आत शिरतो. म्हणून आधी तुम्ही दोघांनी, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनीही, एकच बोलायचं ठरवून घ्या. पहिल्या चार आठवड्यांत दोनेक किलो वजन वाढलं तर पुढची वाट बरीच सोपी जाते असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वाढलं नाही तर थेरपिस्टला लगेच सांगा, सहा महिने थांबू नका.

हे सगळ्या घरांना जमत नाही. जिथे मारहाण आहे, किंवा छळणारा माणूस घरातच आहे, तिथे ही पद्धत वापरूच नये.

फसवून नेलं तर? किंवा जेवणात गुपचूप काही मिसळलं तर?

नको. ‘फिरायला जाऊ’ म्हणून गाडीत बसवलेली मुलगी वॉर्डाच्या दारात उतरते, तेव्हा ती पुढे वर्षभर तुमच्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवत नाही. गुपचूप मिसळण्याचंही तेच. या मुलींची जीभ आणि नजर प्रयोगशाळेसारखी चालते, त्या ओळखतात, आणि जे दोन पदार्थ खात होत्या तेही बंद होतात. ‘आज आपण दवाखान्यात जातोय, तुला नको आहे हे मला माहीत आहे, तरी जातोय’ हे वाक्य जड आहे, पण खोटं नाही.

नळीने अन्न देतात म्हणजे नक्की काय करतात?

नाकातून एक बारीक, मऊ नळी घशामार्गे जठरापर्यंत सरकवतात. ती योग्य जागी आहे याची खात्री करतात, कारण चुकून श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतेल. मग तीतून पातळ पोषक आहार सोडतात, ठरावीक वेळांना किंवा संथ धारेने. बहुतेक मुलं शेवटी नळी घालू देतात. हात धरावे लागतात अशी थोडी. बऱ्याच वॉर्डांत दर वेळी आधी ताट ठेवतात, मग पातळ आहाराचा पेला, आणि दोन्ही नाकारलं तरच नळी. हा क्रम दर जेवणाला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला हवा. काल नळी लागली म्हणून आज ताट ठेवायचंच नाही, हा आळस आहे.

धोका वेगळाच असतो आणि तो अन्न सुरू झाल्यावर येतो. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात त्यांचा दुष्काळ पडतो, हृदय आणि श्वास कोलमडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे पाहायला मिळालं होतं. म्हणून पहिला आठवडा-दहा दिवस रक्ततपासण्या वारंवार होतात आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आधीपासून देतात. या भीतीपोटी पूर्वी इतकं कमी अन्न द्यायचे की मुली रुग्णालयात राहूनही वजन गमवायच्या. आता किशोरांच्या बाबतीत, कडक देखरेखीखाली, जरा मोकळ्या हाताने सुरुवात करण्याकडे कल आहे. घरच्या घरी, देखरेखीशिवाय, बरेच दिवस काहीच न खाल्लेल्या मुलीला भरपेट वाढायचा उत्साह मात्र आवरा.

सक्तीने औषधं देऊन हे बरं होत नाही का?

नाही. ॲनोरेक्सियात वजन भरून काढणारं खात्रीचं औषध अजून नाही. सोबतचं नैराश्य किंवा कासाविशी यांसाठी काही देतात, पण उपाशी मेंदूवर तीही नीट चालत नाहीत. औषध इथे अन्नच आहे.

कायदा काय म्हणतो? ती सोळाची आहे.

देशोदेशी वेगळं आहे, आणि नेमकं तुमच्या प्रकरणात काय लागू होतं ते वकील किंवा रुग्णालयच सांगू शकेल. तरी दोन उदाहरणांवरून दिशा कळते.

इंग्लंडमध्ये १६ वर्षांवरील मुलांना १९६९च्या कायद्याने उपचारांना स्वतः संमती देता येते, आणि १९८५च्या गिलिक निकालाने त्याहून लहान पण समंजस मुलांनाही तो अधिकार मिळाला. मग संमती देण्याचा अधिकार म्हणजे नकार देण्याचाही का? १९९२ साली हाच प्रश्न ॲनोरेक्सिया असलेल्या एका १६ वर्षांच्या मुलीमुळे अपील न्यायालयापुढे आला. निकालात तिचा उल्लेख फक्त ‘डब्ल्यू’ असा आहे. न्यायालयाने म्हटलं की तिच्या इच्छेला वजन आहे, पण तिच्या हितासाठी न्यायालय तो नकार बाजूला सारू शकतं. बरं व्हायचं नाही ही इच्छाच या आजाराचं एक लक्षण आहे, हा मुद्दा त्यात कळीचा ठरला. तो मुद्दा मला पटतो आणि त्याची धास्तीही वाटते. कारण त्याच तर्काने कोणत्याही रुग्णाचा कोणताही नकार ‘लक्षण’ म्हणून केराच्या टोपलीत टाकता येईल.

भारतात २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा १८ वर्षांखालील सर्वांना अल्पवयीन मानतो. पालक, म्हणजे कायद्याच्या भाषेत नामनिर्देशित प्रतिनिधी, अर्ज करतात. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज मान्य करावी लागते. मुलाची सोय मोठ्या रुग्णांपासून वेगळी हवी, पालकाने किंवा त्याने नेमलेल्या सोबत्याने पूर्ण काळ सोबत राहायचं असतं, ७२ तासांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाचा फेरआढावा होतो. एकांतात कोंडून ठेवायला बंदी आहे. धरून किंवा बांधून ठेवणं हे तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने.

ती अठराची झाली की?

पालकांच्या सहीची ताकद संपते, आजाराची संपत नाही. वाढदिवसाच्या आधी सहा महिने, म्हणजे हातात वेळ असताना, मुलांच्या विभागाकडून मोठ्यांच्या विभागाकडे जाण्याची तयारी सुरू करा. ती बरी असतानाच तिच्याकडून लिहून घ्या: पुन्हा घसरले तर मला काय हवं, काय नको, कुणाला बोलवायचं. असा आगाऊ लेख अनेक कायद्यांत मानला जातो, आणि जिथे मानला जात नाही तिथेही डॉक्टर तो वाचतात.

सक्तीने उपचार झालेल्यांचं पुढे काय होतं?

आकडे थोडे आहेत, आणि जपून वाचायला हवेत.

अमेरिकेत आयोवाच्या एका रुग्णालयात दाखल झालेल्या ३९७ रुग्णांपैकी ६६ जण कायद्याने, मनाविरुद्ध आले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांचं वजन स्वेच्छेने आलेल्यांइतकंच भरून आलं. वेळ जास्त लागला. लंडनच्या १९९९च्या अभ्यासात कलमाखालचे ८१ आणि स्वेच्छेने आलेले ८१ रुग्ण होते. दाखल असताना दोघांनाही फायदा झाला. पण सरासरी पावणेसहा वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटात दहा मृत्यू झाले होते, दुसऱ्यात दोन. ‘बघा, सक्ती मारते’ असा अर्थ काढायची घाई नको, कारण कलमाखालचे रुग्ण मुळातच जास्त आजारी होते, त्यांच्या मागे लहानपणीच्या अत्याचाराचा आणि स्वतःला इजा करण्याचा इतिहास जास्त होता. पण ‘सक्तीने प्रश्न सुटतो’ असाही अर्थ निघत नाही. सक्तीने वेळ मिळतो. त्या वेळात काय केलं हे वेगळं मोजावं लागतं.

आमचा कायमचा तिरस्कार करेल का?

या पानावर मला सगळ्यात जास्त जपून लिहायचं आहे ते हे उत्तर. सगळ्याच मुली नंतर आभार मानतात असं सांगणारे असतात. ते खरं नाही.

बाल्टिमोरमधल्या एका अभ्यासात, २००७ सालचा, दाखल होताना १३९ पैकी ४६ जणांना आपल्याला भरतीची गरज नाही असं वाटत होतं. दोनच आठवड्यांत त्यांतल्या २० जणांचं मत बदललं. काही जणांचा मेंदू दोन आठवड्यांच्या अन्नाने इतका मोकळा होतो, हे थक्क करणारं आहे. पण त्याच अभ्यासात १८ वर्षांखालच्या मुलांना सक्ती जास्त जाणवली आणि त्यांचं मत बदलण्याची शक्यता कमी होती. म्हणजे तुमचं पोर दोन आठवड्यांत वळलं नाही तर त्यात नवल काहीच नाही.

जसिंटा टॅन यांच्या गटाने १५ ते २६ वयाच्या २९ जणींना सक्तीबद्दल विचारलं, तेव्हा जीव वाचवायला सक्ती केली तर ती बरोबर, असं बहुतेकींनी मान्य केलं. त्यांना सलत होतं ते दुसरंच. कुणी बोललं नाही. कुणी खोटं बोललं. शिक्षा केल्यासारखं वागवलं. माणसावर विश्वास होता तिथे पर्याय काढून घेतल्याचंही दुःख कमी वाटलं, आणि विश्वास नव्हता तिथे साधा नियमही जबरदस्ती वाटला.

आज ती म्हणेल, मी तुला कधीच माफ करणार नाही. ते ऐकून घ्या. उत्तर द्यायची गरज नाही.

वाईट सक्ती कशी ओळखायची?

अपमान होतोय का ते पाहा. वजन करताना टोमणे, ‘इतर मुलं उपाशी मरतात आणि तुला नखरे’, फोन आणि भेटी यांना किलोंच्या भावात विकणं. पूर्वी अंथरुणातून उठण्यापासून आंघोळीपर्यंत सगळं वजनाच्या बदल्यात ‘कमवायला’ लावायचे. अशा ठिकाणी मुली घरी जाता यावं म्हणून वजन वाढवतात आणि घरी गेल्यावर उतरवतात. नियम कडक असायला हरकत नाही. ते आधी सांगितलेले असावेत, सगळ्यांना सारखे असावेत, आणि नर्सच्या मूडवर चालू नयेत. हात धरायची वेळ आलीच तर नंतर कुणीतरी मुलीजवळ बसून झालेल्या प्रकाराबद्दल बोलतं का, हे जरूर विचारा. ज्या वॉर्डात हा प्रश्न ऐकून लोक बिचकतात, तिथे जरा जास्त लक्ष ठेवा.

किती दिवस ठेवावं लागतं?

पालकांना वाटतं पूर्ण बरी करूनच पाठवा. समजण्यासारखं आहे, ते दमलेले असतात. पण सिडनीमध्ये झालेल्या एका चाचणीत, २०१५च्या सुमारास, किशोरांचे दोन गट केले: एकाला शरीर स्थिर होईपर्यंतच ठेवलं, दुसऱ्याला वजन बरंचसं भरून येईपर्यंत. दोघांनाही पुढे घरी कुटुंबासह उपचार मिळाले. शेवटी परिणामात फरक दिसला नाही. तेव्हा नाडी, रक्तदाब, क्षार जागेवर आले आणि घरी जेवणाची व्यवस्था लागली असेल तर घरी आणायला घाबरू नका. व्यवस्था लागली नसेल तर मात्र लवकर सोडण्यात अर्थ नाही, महिन्याभरात परत दारात उभे राहाल.

मी स्वतः ती मुलगी आहे. मला काही हक्क आहेत की नाहीत?

आहेत. तुझ्याबद्दल काय ठरलं आणि का, ते तुला तुझ्या भाषेत सांगायला हवं. कोणत्या कलमाखाली किंवा कुणाच्या सहीवर तू आत आहेस ते विचार. त्याविरुद्ध दाद कुठे मागता येते तेही विचार, बहुतेक कायद्यांत तशी सोय असते. नळी ठरलीच असेल तर कोणी घालावी, खोलीत कोण असावं, हात कोणी धरावा, आधी किती मिनिटं सांगावं, हे तू सांगू शकतेस. वजनाचा आकडा पाहायचा की पाठ करून उभं राहायचं, हेही. तुझा ‘नाही’ दर वेळी मानला जाणार नाही, पण तो लिहून ठेवला गेला पाहिजे. आणि तुला यातलं काहीच पटत नसलं तरी तू हे इथपर्यंत वाचलंस.

पाचव्यांदा भरती. काहीच फरक नाही. आता थांबायचं का?

मोठ्या वयाच्या, वीस-वीस वर्षं आजारी असलेल्या रुग्णांबद्दल हा वाद डॉक्टरांत तापलेला आहे: सक्तीने काही साधत नसेल तर निदान त्रास तरी कमी करावा की नाही. त्या वादाची दुसरी बाजूही मला दिसते. पण पंधरा-सतरा वर्षांच्या पोराच्या बाबतीत तो प्रश्न उभाच राहू नये. बॉस्टनमध्ये ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचा जवळजवळ पाव शतक पाठपुरावा केला गेला. २०१७ साली त्याचे आकडे आले. नऊ वर्षांनी बरे झालेले सुमारे ३१ टक्के होते, बावीस वर्षांनी सुमारे ६३ टक्के. जे नवव्या वर्षी ‘असाध्य’ वाटले असते त्यांतले अनेक जण पुढे बरे झाले. पाचव्या भरतीला थांबवायचा असेल तर तोच तो उपचार थांबवा. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, स्वमग्नता (ऑटिझम), तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार (ओसीडी) किंवा एखादा जुना आघात तपासायचा राहिला आहे का ते पाहा. ॲनोरेक्सियामागे हे पुष्कळदा लपून राहतं.

धाकट्याला काय सांगायचं?

खरं सांगा, थोडक्यात. ‘ताईचा मेंदू तिला खाऊ देत नाहीये, म्हणून डॉक्टर मदत करतायत.’ आणि त्याला ताईच्या ताटावर पहारेकरी बसवू नका.

भेटायला गेलं की ती तोंड फिरवते. एक शब्द बोलत नाही. जायचं की नाही?

जा. जेवणाच्या वेळा टाळून जा, वजनाचं विचारू नका, चेहरा भरलाय असं चुकूनही म्हणू नका. तिला ते ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. काही वाचायला न्या, तिला नव्हे, स्वतःला. खुर्ची ओढून बसा. निघताना उद्या किती वाजता येणार ते सांगा आणि त्याच वेळेला या.